दोन एकर विकण्याआधी: प्रोटॉनच्या शेकाचा हिशोब

बार्शी तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “वडील ६१ वर्षांचे. तीस वर्षं तंबाखू. उजव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. रिपोर्टमध्ये कापलेल्या भागाच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत, मानेतल्या दोन गाठींत रोग सापडला, पण तो गाठींच्या आवरणाबाहेर गेलेला नाही. डॉक्टरांनी ३० शेक (रेडिएशन) सांगितले आहेत. नात्यातल्या एकांनी प्रोटॉन नावाच्या महागड्या शेकाचा व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की कसलाच त्रास होत नाही. चौकशी केली तर २५ लाखांचा आकडा आला. दोन एकर विकले तर जमेल. विकू का?”

विकू नका. तुमच्या वडिलांच्या बाबतीत २५ लाखांतून जो जादा फायदा मिळेल तो थोडा आहे, आणि त्या धावपळीत जो वेळ जाईल त्याचं नुकसान मोठं असू शकतं. शेक देण्याच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत आणि जमीन विकून आलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं थेट लिहितो आहे. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो व्हिडिओ तुमच्या डोक्यातून जाणार नाही. बाप वाचवायला कमी पडलो का, ही टोचणी आयुष्यभर राहते. म्हणून पूर्ण हिशोब मांडतो.

आधी प्रोटॉन करतो काय ते. आपल्याकडे नेहमी जो शेक दिला जातो तो क्ष-किरणांचा, लिनॅक नावाच्या यंत्रातून. शेतकऱ्याच्या घरात सांगायचं तर ते पाटाचं पाणी. पाट ज्या ज्या वाफ्यातून जातो ते सगळे भिजतात, तुम्हाला पाणी एकाच वाफ्याला हवं असलं तरी. क्ष-किरण शरीरात शिरतो, कातडीच्या थोडं खाली सर्वांत जास्त मात्रा सोडतो, मग कमी होत होत गाठीतून पार होऊन पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक, त्याला वजन आहे आणि विद्युतभार आहे. तो वेगात असताना वाटेत थोडीच ऊर्जा टाकतो आणि थांबता थांबता, शेवटच्या काही मिलिमीटरांत, उरलेली जवळपास सगळी सोडतो. त्यापुढे मात्रा जवळपास शून्य. या शेवटच्या उसळीला ब्रॅग शिखर म्हणतात. वेग कमी-जास्त करून शिखर कुठं पडावं हे ठरवता येतं: ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, २३० चा ३० सेंटिमीटरच्याही पुढे. उपचारासाठी याचा उपयोग करावा हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं १९४६ साली सुचवलं आणि १९५४ मध्ये बर्कलीत पहिल्या रुग्णावर ते झालं. म्हणजे तंत्र काही काल-परवाचं नाही. रुग्णालयात बसेल असं यंत्र मात्र १९९० मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडाला सुरू झालं. भारतात चेन्नईच्या अपोलोत २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अॅक्ट्रेक या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन दिला जातो.

गाठीच्या मागं काहीच मात्रा जात नाही हे ऐकलं की कोणालाही वाटेल, मग सगळ्यांनाच हे का देत नाहीत? कारण थांबण्याची जागा अचूक माहीत असावी लागते. ती आम्ही सीटी स्कॅनवरून हिशोबानं काढतो आणि त्या हिशोबात साधारण साडेतीन टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. दहा सेंटिमीटर खोल गाठ असेल तर मागंपुढं साडेतीन मिलिमीटर सोडावेच लागतात. त्यात रुग्णाचं वजन उतरलं, सायनसमध्ये शेंबूड साचला, आतड्यात वारा आला, छाती श्वासाबरोबर हलली की प्रोटॉनचा मुक्काम बदलतो. क्ष-किरणाला या फरकांचं फारसं काही वाटत नाही, प्रोटॉनला वाटतं. दातात धातूचं सिमेंट किंवा जबड्यात ऑपरेशनची पट्टी असेल तर सीटीवर रेघा उठतात आणि हिशोब आणखी अवघड होतो. तुमच्या वडिलांच्या जबड्यात पट्टी आहे का ते पाहा, कारण गालाच्या ऑपरेशनात कधी कधी बसवलेली असते. शिवाय प्रोटॉनमध्ये कातडीला वाचवण्याची सोय क्ष-किरणाइतकी नसते. गालाची आणि मानेची कातडी लालभडक होऊन सोलवटते. ‘कसलाच त्रास नाही’ म्हणणाऱ्यानं अशी मान पाहिलेली नसावी.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. ऑपरेशन झालेल्या गालाला आणि उजव्या मानेला ६० ग्रे मात्रा (ग्रे हे शेकाची मात्रा मोजायचं माप), ३० दिवसांत विभागून, आठवड्याचे पाच दिवस, असाच बहुधा तुमचा प्लॅन असेल. गालाचा कॅन्सर एका बाजूचा असला की अनेकदा त्याच बाजूची मान घेतात. ज्या भागाला ही पूर्ण मात्रा द्यायची आहे तो भाग प्रोटॉनमध्येही पूर्ण मात्रा घेणारच. गालाच्या रुग्णाला पुढं आयुष्यभर छळणारे तीन त्रास त्याच भागातले असतात: तोंड न उघडणं, जबड्याचं हाड मरणं, गालाची कातडी घट्ट होणं. त्यांवर प्रोटॉनचा काही इलाज नाही.

प्रोटॉन वाचवतो ते समोरच्या बाजूचं: जिभेचा डावा भाग, डावा गाल, टाळू. त्यामुळं शेक चालू असताना तोंड थोडं कमी सोलतं आणि चव कमी जाते. एका बाजूच्या शेकात हा फरक प्लॅनवर स्पष्ट दिसतो आणि काही रुग्णांच्या अनुभवातही दिसला आहे, ते मी नाकारत नाही. चव जाणं ही साधी गोष्ट नाही. भाकरीला मातीची चव येते म्हणून ताट ढकलणारे रुग्ण मी रोज पाहतो. पण चव बऱ्याच रुग्णांना काही महिन्यांत बऱ्यापैकी परत येते. आणि लाळेचं म्हणाल तर आजचा तीव्रता-नियंत्रित शेक, म्हणजे आयएमआरटी, एकाच बाजूला देताना पलीकडची कानाखालची लाळग्रंथी मुळातच खूप वाचवतो. वाचलेलीच गोष्ट पुन्हा वाचवायला २५ लाख घालायचे, असा तो व्यवहार होतो.

“पण प्रोटॉननं माणसं जास्त जगतात असं वाचलं,” असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलं आहे. ते कुठून आलं ते सांगतो. अमेरिकेत २१ केंद्रांवर ४४० रुग्णांची एक चाचणी झाली. घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरच्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकून आयएमआरटी किंवा प्रोटॉन दिला. आजार आटोक्यात ठेवण्यात प्रोटॉन कमी पडला नाही. पोटात नळी घालावी लागण्याचं प्रमाण आयएमआरटीत सुमारे ४० टक्के होतं, प्रोटॉनमध्ये ३० टक्क्यांच्या खाली आलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाणही प्रोटॉनच्या गटात जास्त दिसलं. ही गंभीरपणे घेण्याजोगी चाचणी आहे आणि घशाच्या रुग्णाशी बोलताना मी ती सांगतो. त्याच वेळी ब्रिटनमध्ये दोनशेवर रुग्णांची अशीच चाचणी झाली, तिथे वर्षभरानंतर नळीवर अवलंबून राहणं आणि जगण्याची प्रत या दोन्हींत फरक सापडला नाही. दोन चांगल्या चाचण्या, दोन उत्तरं. म्हणून माझं मत अजून पक्कं व्हायचं आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. या दोन्ही चाचण्यांत बहुतेक रुग्णांना एचपीव्ही विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर होता, ऑपरेशन न करता दोन्ही बाजूंच्या मानेला शेक आणि बरोबर केमो असा उपचार होता. तुमच्या वडिलांचा आजार तंबाखूचा आहे, गालाचा आहे, ऑपरेशन झालेलं आहे, शेक एका बाजूचा आहे. नाव दोन्हींचं ‘तोंड-घशाचा कॅन्सर’, पण रोग वेगळे, शेकाचा नकाशा वेगळा. एकाचं औषध-पाणी दुसऱ्याला लागू करता येत नाही. व्हिडिओ बनवणारे हा फरक सांगत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडचे बहुतेक रुग्ण तुमच्या वडिलांसारखेच असतात.

इतर अवयवांचं थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न बाकीच्या घरांतही असतो. प्रोस्टेटसाठी ४५० पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनंतर आतड्यांच्या त्रासात आयएमआरटी आणि प्रोटॉन सारखेच निघाले. त्यासाठी कुणी जमीन, दागिने, काहीही विकू नये. डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हृदयाला मात्रा लागते ही भीती खरी आहे. हृदयाच्या सरासरी मात्रेत दर एक ग्रेमागे पुढं हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो, असं २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण बहुतेक बायकांच्या बाबतीत दीर्घ श्वास धरून शेक दिला की फुप्फुस फुगतं, हृदय मागं सरकतं आणि काम होतं. ज्यांच्यात छातीच्या मध्यातल्या गाठींनाही शेक लागतो आणि श्वास धरूनही हृदयाची मात्रा उतरत नाही, त्यांच्यासाठी प्रोटॉनचा विचार जरूर करावा. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये एका चाचणीत प्रोटॉननं त्रासांचं एकूण ओझं निम्म्याहून कमी केलं, आयुष्य मात्र दोन्हीकडे सारखंच राहिलं.

मग प्रोटॉन कुणासाठी? इथं मी सावकाश लिहितो, कारण जिथं तो खरोखर हवा तिथं लोक पोचत नाहीत आणि जिथं नको तिथं कर्ज काढतात.

पहिली मुलं. मेड्युलोब्लास्टोमा नावाचा लहान मेंदूचा कॅन्सर घ्या. त्यात संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण पाठीचा कणा यांना शेक द्यावा लागतो, साधारण धोक्याच्या गटात २३.४ ग्रे, जास्त धोक्याच्या गटात ३६. क्ष-किरणानं पाठीमागून दिला की तो मणक्यातून पुढं निघून थायरॉइड, हृदय, फुप्फुसं, आतडी, मुलीच्या अंडाशयापर्यंत सगळ्यांना भिजवत पोटातून बाहेर पडतो. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेला थांबतो. सात वर्षांच्या मुलीच्या दोन प्लॅनचे रंगीत नकाशे शेजारी ठेवले की आई-बापांना मला काही समजावून सांगावं लागत नाही. एकात पोटभर रंग, दुसऱ्यात पोट कोरं. त्या मुलीपुढं साठ-सत्तर वर्षं आहेत आणि आज लागलेल्या मात्रेचा दुसरा कॅन्सर, वंध्यत्व, हृदयाचा आजार त्या वर्षांत उगवतो. डोक्याला मात्रा दोन्हीकडे लागतेच, म्हणून शाळेत मागं पडण्याची चिंता प्रोटॉननं संपत नाही. तरी काही अभ्यासांत बुद्धिगुणांक प्रोटॉनच्या मुलांमध्ये चांगला टिकलेला दिसला आहे. इथं चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही आणि ती कुणी करणारही नाही, कारण नकाशे पाहिल्यावर चिठ्ठी टाकण्याचा धीर कोणाला होणार?

दुसरा गट कवटीच्या तळाच्या कॉर्डोमा आणि काँड्रोसार्कोमा या दुर्मिळ गाठींचा. गाठीला सत्तर ग्रेच्या पुढं मात्रा हवी आणि तिला चिकटलेला मेंदूचा दांडा पंचावन्न-साठच्या पुढं सहन करत नाही. अशा ठिकाणी तो थांबणारा प्रोटॉनच उपयोगी पडतो. इथंही प्रोटॉनचा शेवट थेट दांड्यात पडणार नाही याची काळजी फिजिसिस्ट, म्हणजे मात्रेचा हिशोब करणारे भौतिकतज्ज्ञ, घेतात, कारण शेवटच्या मिलिमीटरांत प्रोटॉनची मारक शक्ती हिशोबापेक्षा जास्त असते. तिसरा गट ज्यांना एकदा शेक होऊन गेला आहे आणि त्याच जागी आजार परत आला आहे त्यांचा. तिथं वाचलेला प्रत्येक ग्रे मोलाचा. डोळ्याच्या मेलॅनोमा या कॅन्सरमध्ये प्रोटॉननं डोळा वाचवता येतो, पण त्यासाठी डोळ्यावर बसवायची किरणोत्सारी चकतीही चालते आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं रुथेनियमची अशी चकती देशातच बनवली आहे, हे नेत्ररुग्णांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

अशा आजाराचं मूल तुमच्या पाहण्यात असेल तर खर्च ऐकून थांबू नका. खारघरचं केंद्र सरकारी आहे, गरजू रुग्णांसाठी तिथं वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे, खारघरमध्येच सेंट ज्यूडची मुलांसाठी मोफत राहण्याची सोय आहे. त्या मुलांसाठी मी स्वतः चिठ्ठी लिहून देतो, फोन करतो, आणि तारीख लवकर मिळावी म्हणून भांडतोही.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला होता, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही आणि खरा धोका तिथंच आहे. ऑपरेशननंतरचा शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्यानं घसरते, असा आमच्या क्षेत्रातला जुना अंदाज आहे. तुमचे तीन आठवडे गेले. जमिनीला गिऱ्हाईक, सातबारा, फेरफार, मग दूरच्या केंद्रावर तपासण्या, नवा सीटी, प्लॅन, मंजुरी. हे तीन आठवड्यांत होत नाही. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ असेच एका मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत थांबले आणि ऑपरेशननंतर अकराव्या आठवड्यात आमच्याकडे परत आले, तेव्हा मानेत नवी गाठ हाताला लागत होती. त्यांना साधा शेक चौथ्या आठवड्यात मिळू शकला असता. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि पैसा. खासगीत प्रोटॉनचा खर्च वीस ते तीस लाखांच्या घरात जातो, आयएमआरटीचा दोन ते चार लाखांच्या. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि शेकाची पॅकेजेस त्यात आहेत. तुमच्या रुग्णालयातल्या, या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा. ज्यांच्याकडे खासगी विमा आहे त्यांनी प्रोटॉनची मंजुरी तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावी. तुम्ही तर बार्शीचे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय तुमच्या बार्शीतच आहे, ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी तिथून १९८७ पासून चालते. रोज सकाळी शेक घेऊन दुपारी घरची भाकरी-आमटी कुस्करून खायची, रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपायचं, सहा आठवड्यांच्या या उपचारात याची किंमत कुठल्याही नकाशावर दिसत नाही. परक्या शहरात भाड्याच्या खोलीत वजन आठ किलो उतरलेले रुग्ण मी पाहिलेत आणि वजन उतरलं की शेकाच्या वेळी डोकं-मान स्थिर धरणारा मास्क सैल होतो, प्लॅन चुकतो, प्रोटॉनचा तर जास्तच.

तरी मनात शंका राहिली असेल तर एक करा. तुमच्या शेकाच्या डॉक्टरांना विचारा: “माझ्या वडिलांच्या प्लॅनमध्ये डाव्या लाळग्रंथीला, जिभेला आणि गिळण्याच्या स्नायूंना सरासरी किती ग्रे जातायत?” आकडे लिहून घ्या. प्रोटॉन केंद्राकडून मत घ्यायचंच असेल तर तोच सीटी पाठवून तिथला प्लॅन मागा आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवा. नेदरलँड्समध्ये सरकारी खर्चानं प्रोटॉन द्यायचा की नाही ते असंच ठरतं. दोन्ही प्लॅन करायचे, त्यांवरून त्रासाची शक्यता काढायची, आणि मध्यम त्रासात किमान दहा टक्क्यांचा, गंभीर त्रासात पाच टक्क्यांचा फरक दिसला तरच प्रोटॉन. श्रीमंत देशसुद्धा फरक मोजून मग पैसे देतो. यंत्राचं नाव सांगून जो पैसे मागतो आणि हे आकडे देत नाही, त्याच्याकडून उठून या. हे सगळं सुरू असताना इथला शेक मात्र थांबवू नका.

त्या २५ लाखांच्या शंभराव्या हिश्शात जे होईल ते आता सांगतो. शेकाआधी दातांची तपासणी. किडलेले, हलणारे दात आत्ताच काढायचे आणि जखम भरायला दहा ते चौदा दिवस द्यायचे, कारण शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड मरू शकतं. तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि शेक संपल्यावरही कित्येक महिने. दर सोमवारी वजन, वहीत लिहून. गिळताना फार दुखायला लागलं तर नाकातून नळी घालायला घाबरू नका, ती दोन-चार आठवड्यांची असते. आणि तंबाखू. घरातल्या कोणीही वडिलांसमोर मळायची नाही, तुम्ही स्वतः खात असाल तर तुम्हीही. शेक चालू असताना तंबाखू चालू राहिली तर जखमा भरत नाहीत, शेकाचा गुण कमी येतो आणि दुसऱ्या गालात नवा कॅन्सर उभा राहतो. हे २५ लाखांच्या यंत्रानंही टळत नाही.

ऑपरेशनचा रिपोर्ट आणि जुना सीटी पिशवीत ठेवा, सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्याच दिवशी शेकाच्या विभागातून मास्कची तारीख घेऊनच घरी परता.